मृदंग की ‘झिंगाट’? स्पीकरचा बास तपासायचा तर कोणतं गाणं लावायचं?

खामगाव, मलकापूर, चिखली किंवा खुद्द बुलढाणा शहर. बाजारात होम थिएटर किंवा साऊंडबार बघायला गेलं की पुढचा सीन बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. दुकानदार पेन ड्राइव्ह लावतो, आवाज वाढवतो, काउंटरची काच थरथरायला लागते आणि तो म्हणतो, “बघा बास!” गिऱ्हाईक खुश होतं, पैसे मोजतं, खोकं गाडीवर बांधून घरी येतं.

दोन दिवसांनी घरात वेगळंच चित्र असतं. बातम्या लावल्या की निवेदक हंड्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. आजोबांनी अभंग लावायला सांगितला, तर मृदंगाच्या थापा वेगवेगळ्या ऐकूच येत नाहीत, सगळ्यांची मिळून एक लांबलचक ‘भुम्म’ तयार होते. दुकानात तर मस्त वाजत होता, मग बिघडलं काय?

बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. दुकानात जे गाणं लावलं होतं, ते जवळपास कुठल्याही स्पीकरवर दणदणीत वाजलं असतं. म्हणजे परीक्षा झाली, पण पेपर इतका सोपा होता की सगळेच पास. बास तपासायचा असेल तर आधी गाणं नीट निवडावं लागतं, आणि या बाबतीत बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाकडे एक गोष्ट अशी आहे, जी मोठ्या शहरातल्या महागड्या हाय-फाय शौकिनाकडेही सहसा नसते. तिच्याकडे येऊच, पण आधी थोडं मूळ समजून घेऊ.

बास म्हणजे नेमकं काय?

आवाज म्हणजे हवेचं कंपन. एका सेकंदात किती वेळा कंपन होतं ते हर्ट्‌झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं. यातला तळाचा, साधारण २० ते २०० हर्ट्‌झचा पट्टा म्हणजे बास.

पण हा सगळा पट्टा एकसारखा नाही. चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्‌झवर वाजते. पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्‌झला. चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनची ३२ फुटी नळी १६ हर्ट्‌झच्या आसपास जाते, जी कानापेक्षा अंगालाच जास्त कळते. दुसरीकडे, पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झमध्ये असतो, म्हणजे तोही बासच्याच घरात राहतो. निवेदक हंड्यातून बोलल्यासारखा वाटतो तो याच कारणाने. स्पीकर १०० ते २०० हर्ट्‌झचा भाग फुगवून वाजवत असेल, तर गाण्यात ‘बास भारी आहे’ असं वाटतं आणि बोलण्याची मात्र वाट लागते.

खरा खोल बास, म्हणजे ४० हर्ट्‌झच्या खालचा, काढणं ही फार कष्टाची गोष्ट आहे. स्वर निम्म्याने खाली गेला आणि आवाज तेवढाच हवा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. ८० हर्ट्‌झला जो पडदा १ मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्‌झसाठी ४ मिलिमीटर हलावं लागतं. चार इंची स्पीकरला हे झेपत नाही. म्हणून छोट्या स्पीकरचे निर्माते एक युक्ती करतात. खोल स्वर सोडून देतात आणि त्याच्या जरा वरचा भाग फुगवतात. काउंटरची काच थरथरते ती या फुगवलेल्या भागाने.

बरं, मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही आपल्याला गाण्यातली बासची चाल कळते, ती कशी? त्यात आपल्या मेंदूची करामत आहे. मूळ खालचा स्वर गायब असला तरी त्याचे वरचे उपस्वर ऐकून मेंदू तो स्वर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे ‘ऐकू येतंय म्हणजे वाजतंय’ हा हिशोब बासच्या बाबतीत चुकतो.

मिरवणुकीतला डीजे हे माप का चालत नाही?

आपल्याकडे बासची पहिली ओळख होते ती मिरवणुकीत. गणपती विसर्जन, वरात, संदल. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि छातीत बसणारे ठोके. मग घरच्या सिस्टीमकडूनही तेच हवं असतं.

अडचण अशी की, ती भिंत उघड्यावर वाजत असते. तिथे आवाज परत फेकणाऱ्या चार भिंती आणि छत नसतं. तिथले १८ इंची स्पीकर लांबवर ठोका पोचवण्यासाठी बनवलेले असतात, सुरांमधला बारकावा दाखवण्यासाठी नाही. शिवाय तिथे वाजणारी गाणी मुळातच ‘डीजे मिक्स’ असतात, म्हणजे खालचा भाग कुणीतरी आधीच वाढवून ठेवलेला असतो.

‘सैराट’मधलं (२०१६) ‘झिंगाट’ घ्या. नाचायला या गाण्याला तोड नाही, वाद नाही. पण तपासणीसाठी ते अवघड आहे, कारण ठोका एकदा सुरू झाला की उसंत देत नाही. स्पीकर ठोका संपल्यावर खरंच थांबतो की घुमत राहतो, हे कळायला दोन ठोक्यांमध्ये शांतता लागते. ती या गाण्यात फारशी मिळत नाही. त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलीवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. त्यामुळे ‘सैराट’चाच अल्बम लावायचा असेल तर ‘झिंगाट’ऐवजी ‘याड लागलं’ लावून त्यातल्या तंतुवाद्यांकडे लक्ष द्या. खालची वाद्यं लाकडासारखी, गोल वाजतात की नुसती गुणगुण येते, हे पाहता येईल.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. मोठ्या आवाजात तास-दोन तास काढल्यावर कान काही काळ बधिर होतात. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकर घ्यायला जाऊ नका, तुमचे कान अजून सुट्टीवर असतात.

सगळ्यात चांगली कसोटी कोणती?

अमेरिकेत १९७३ साली ‘द अ‍ॅब्सोल्यूट साऊंड’ नावाचं मासिक सुरू झालं. त्याचा मूळ विचार साधा होता. स्पीकर चांगला की वाईट हे दुसऱ्या स्पीकरशी तुलना करून ठरवायचं नाही. माइक-स्पीकरशिवाय समोर प्रत्यक्ष वाजणारं वाद्य हेच माप धरायचं. स्पीकरमधून येणारा आवाज त्या वाद्याच्या किती जवळ जातो, एवढंच बघायचं.

आता प्रश्न असा की, प्रत्यक्ष वाद्य आपण ऐकलंय कुठे? मोठ्या शहरातल्या कितीतरी हाय-फाय शौकिनांनी डबल बास किंवा ऑर्गन समोर वाजताना ऐकलेला नसतो. बुलढाणा जिल्ह्यात मात्र मृदंग न ऐकता मोठं होणं अवघड आहे. गावोगावी भजनी मंडळं आहेत, हरिनाम सप्ताह आहेत, आणि दरवर्षी आषाढी वारीसाठी शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी निघते. वाटेवर उभं राहून दिंडी जवळून जाऊ दिली, तर टाळ आणि मृदंगाचा निखळ आवाज दोन-चार हातांवरून ऐकायला मिळतो. पैसे खर्च करून मिळणार नाही असं हे माप आहे.

फक्त एक काळजी. सप्ताहातल्या मंडपात मृदंग बहुतेक वेळा माइकमधून आणि भोंग्यातून येतो. भोंग्यातून खालचे स्वर निघतच नाहीत, म्हणून तो मृदंग माप म्हणून धरू नका. रस्त्यावरची दिंडी किंवा देवळातलं बिनमाइकचं भजन हवं.

मृदंगाच्या आवाजात काय ऐकायचं?

पखवाज म्हणजेच आपला मृदंग. त्याच्या उजव्या तोंडावर कायमची काळी शाई असते. डाव्या तोंडावर वाजवण्याआधी मळलेली कणीक थापतात आणि वाजवून झाल्यावर काढून टाकतात. कणकेच्या वजनामुळे डाव्या तोंडाचा स्वर खाली उतरतो, म्हणजे मृदंगाचा बास हा अक्षरशः कणकेने लावलेला असतो. कमी-जास्त कणीक लावून वादक हा स्वर जुळवून घेतो.

या वाद्यांमध्ये शास्त्रज्ञांनाही रस होता. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर टिपण लिहिलं होतं. साध्या ढोलाचे उपस्वर विस्कळीत असतात, त्यामुळे त्यातून ‘सूर’ निघत नाही. तबला आणि मृदंगाच्या पुडीवर मधोमध वजन दिलेलं असल्यामुळे त्यांचे उपस्वर तंतुवाद्यासारखे एका रांगेत बसतात, असं रामन यांनी दाखवलं. आपल्या कामाचा मुद्दा यातूनच निघतो. मृदंगाच्या थापेला स्वर असतो. स्पीकरमधून नुसता ‘धप्प’ आला आणि स्वर कळला नाही, तर स्पीकर नापास.

पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग घ्या. ‘माझे माहेर पंढरी’ बहुतेकांच्या कानात आधीच बसलेला आहे, आणि ओळखीचं गाणं तपासणीला नेहमी बरं. पहिल्यांदा फक्त पंडितजींचा आवाज ऐका. तो भरदार हवा, पण छातीत कुणी मडकं ठेवल्यासारखा नको. मग तालवाद्याच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. थाप सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, हे वेगळं सांगता यायला हवं. शेवटी टाळ. जोराची थाप पडते त्या क्षणी टाळांची किणकिण दबली किंवा शब्द पुसट झाले, तर बास बाकीच्या आवाजावर बसतोय.

हे तीन कान एकाच वेळी लावायची गरज नाही. एकच मिनिटाचा तुकडा तीनदा लावा, दर वेळी एकच गोष्ट ऐका. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू द्या.

तबल्यासाठी उस्ताद झाकीर हुसेन यांचं काहीही चालेल. त्यांचा, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफलिन आणि जान गार्बारेक यांच्यासोबतचा ‘मेकिंग म्युझिक’ (१९८७) हा अल्बम तर फार स्वच्छ रेकॉर्ड झालेला आहे. डग्ग्यावर तळहाताचा दाब देत स्वर वर-खाली सरकवला जातो, ती घसरण ऐका. चांगल्या स्पीकरवर ती सलग, तेल लावल्यासारखी सरकते. वाईट स्पीकरवर मध्येच एका ठिकाणी ती मोठी होते आणि पुढे गायब होते.

ढोलकी, संबळ, ढोल-ताशा: प्रत्येकाचं काम वेगळं

मराठी चित्रपटसंगीतात बास तपासायला उपयोगी असा माल भरपूर आहे. तो वापरला जात नाही, कारण इंटरनेटवरच्या याद्या बहुतेक इंग्रजी गाण्यांच्या असतात.

‘नटरंग’मधल्या (२०१०) लावण्यांची ढोलकी वेग तपासायला उत्तम. ‘वाजले की बारा’ लावा. ढोलकीची उजवी बाजू कडक आणि डावी घुमारेदार. दोन्ही हात जलद चालू असताना डावी बाजू मागे पडल्यासारखी वाटली, तर वूफर वेळेवर थांबत नाहीये. ‘जोगवा’मधल्या ‘लल्लाटी भंडार’मध्ये लोकवाद्यांचा ताल आहे. कातड्याचा ताण, त्यावर पडणाऱ्या टिपरूचा टणका आणि मागून येणारी घुमक हे तीन वेगळे आवाज आहेत, आणि स्पीकरने ते वेगळेच ठेवायला हवेत.

‘अग्निपथ’मधलं (२०१२) ‘देवा श्री गणेशा’ ही गर्दीची परीक्षा आहे. ढोल, ताशा, समूहस्वर, सगळं एकदम. आवाज मध्यम ठेवून ऐका, मग थोडा वाढवा. वाढवल्यावर ढोल मोठे होण्याऐवजी सगळंच चपटं आणि कर्कश झालं, तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली. खोक्यावर काहीही आकडा छापलेला असो.

डफडं मात्र बाससाठी निवडू नका. त्याचा जोर थापेच्या टणक्यात असतो, खोलीत नसतो. ट्विटर तपासायला ठीक आहे.

जुनी गाणी? १९५०-६० च्या दशकातली भावगीतं मोनो असतात आणि त्यांत अगदी खालचा भाग फारसा नसतो. त्याआधीच्या, १९२५ पूर्वीच्या रेकॉर्डिंगमध्ये तर वाद्य थेट भोंग्यासमोर वाजवून तबकडी कोरली जायची आणि डबल बासचा आवाज नीट उमटत नाही म्हणून पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्याच्या जागी ट्यूबा वाजवत. अशा गाण्यांत बास सापडला नाही तर दोष स्पीकरचा नाही. उलट जुनं भावगीत लावल्यावर ‘भरपूर बास’ आला, तर तो स्पीकरने स्वतःच्या मनाने घातलाय असं समजा.

मृदंगाच्याही खाली काय आहे?

इथे आपली वाद्यं थांबतात आणि बाहेरची रेकॉर्डिंग कामाला येतात.

सुरुवात मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ने करा (‘थ्रिलर’, १९८२). आधी काही सेकंद फक्त ड्रम वाजतो, मग बास गिटार येते. ड्रमचा ठोका आणि गिटारचा स्वर एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी चालले पाहिजेत. ए. आर. रहमान यांचं ‘बॉम्बे’मधलं (१९९५) ‘हम्मा हम्मा’ही याच कामाचं. त्यातली बासची चाल गुणगुणता येते का बघा. गुणगुणता आली म्हणजे स्वर कळतायत.

‘द ईगल्स’ या बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ जगभरच्या हाय-फाय दुकानांत इतकं वाजलंय की विक्रेत्यांना ते नको झालंय. पण त्याची १९९४ च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मधली लाइव्ह आवृत्ती घ्यायची. सुरुवातीला गिटारच्या जोडीला खोल ठोके पडतात. ते ठोके जमिनीतून आल्यासारखे वाटले, तर सिस्टीम खाली बरीच उतरते.

त्याहून खाली जायचं असेल तर जेम्स ब्लेकचं ‘लिमिट टू युअर लव्ह’ (२०१०). गाणं शांत, पियानो आणि आवाज, आणि मध्येच अतिशय खोल, थरथरणारा इलेक्ट्रॉनिक स्वर येतो. मोबाइलवर ऐकाल तर काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. छोट्या साऊंडबारवर फडफड येईल. चांगल्या सबवूफरवर खोलीतली हवा बदलल्यासारखी वाटेल. बिली आयलिशच्या ‘बॅड गाय’चा (२०१९) शेवटचा भागही असाच आहे, गाण्याची लय अचानक पडते आणि खालून जड बास येतो.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात सेंट-साँस यांची तिसरी सिम्फनी (१८८६) ‘ऑर्गन सिम्फनी’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्या संथ भागात ऑर्गनचे खालचे स्वर हळूच, लांबवून येतात. इथे ठोका नाही, दणका नाही. नुसता दाब. बास म्हणजे आदळआपट असं वाटणाऱ्याने हे एकदा ऐकावंच.

एक रेकॉर्डिंग मात्र जपून. चायकोव्हस्की यांच्या ‘१८१२ ओव्हर्चर’चं टेलार्क कंपनीने १९७९ मध्ये काढलेलं ध्वनिमुद्रण. त्यात खऱ्या तोफांचे आवाज आहेत आणि स्पीकर खराब होऊ शकतो असा इशाराच कंपनीने वेष्टनावर छापला होता. गंमत म्हणून मोठ्याने लावू नका, नवीन स्पीकरवर तर नाहीच.

गाणं बरोबर आहे, तरी घुमतंय. का?

मग खोलीकडे बघा. बासच्या बाबतीत खोली हीसुद्धा एक वाद्यच असते.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ४० हर्ट्‌झच्या एका लहरीची लांबी साडेआठ मीटर भरते, खोलीपेक्षा मोठी. ही लहर भिंतींवर आपटून परत येते आणि काही ठरावीक स्वरांवर खोली स्वतःच घुमायला लागते. कुठल्या स्वरावर, ते भिंतींमधल्या अंतरावरून काढता येतं. १२ फूट लांबीला साधारण ४७ हर्ट्‌झ, १० फुटाला ५६.

आता आपल्याकडच्या नव्या बांधकामात १० बाय १०ची खोली आणि स्लॅबही १० फुटांवर हे गणित सर्रास असतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणजे तिन्ही दिशांची घुमक एकाच ५६ हर्ट्‌झवर येऊन बसते. बास गिटारची तिसरी तार ५५ हर्ट्‌झवर वाजते. पेटीच्या भाषेत हा पांढरी सहाचा स्वर, बराच खालच्या सप्तकातला. अशा खोलीत बासची चाल ऐकली की एकच स्वर दर वेळी ओरडतो आणि बाकीचे कुजबुजतात. लोक स्पीकर बदलतात, स्वर तोच ओरडत राहतो.

उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेगही वाढतो. मलकापूर-खामगावच्या बाजूला ४२ अंशांत तो सेकंदाला ३५७ मीटरच्या आसपास जातो आणि ५६ची घुमक ५८वर सरकते. याने फरक पडत नाही, पण गणित म्हणून मजेशीर आहे.

उपाय स्वस्त आहेत. स्पीकर कोपऱ्यात घुसवलेला असेल तर बाहेर काढा, कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून बास फुगतो. बसायची जागा भिंतीला चिकटून नको (तिथे बास जास्त वाटतो) आणि खोलीच्या अगदी मध्यावरही नको (तिथे तो गायब होतो). साधारण एक तृतीयांश अंतर बरं. वेगळा सबवूफर असेल तर एक जुनी युक्ती आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ‘बिली जीन’ लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बासचे सगळे स्वर सारखे ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवून द्या. घरच्यांनी पाहिलं तर हसतील, पण हे चालतं.

टिनाचं छप्पर असेल तर तपासणी संध्याकाळी, वारा नसताना करा आणि पत्रा, मांडणीवरची स्टीलची भांडी, शोकेसची काच, खिडकीची कडी यांतलं काय थरथरतंय ते आधी शोधा. त्यासाठी मोबाइलवरचं टोन वाजवणारं अ‍ॅप उपयोगी पडतं. आवाज कमी ठेवून ३० ते १०० हर्ट्‌झ हळूहळू फिरवा. सलग टोन मोठ्या आवाजात वाजवला तर स्पीकरची कॉइल जळू शकते, म्हणून हे लांबवू नका.

आणि बास अजिबातच येत नसेल, तर सगळ्यात आधी मागच्या वायरी तपासा. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. गाण्यातला मधला आवाजही कुठून येतोय कळत नाही. वायर सरळ केली की बास परत येतो. असेंबल केलेल्या सिस्टीममध्ये ही चूक वरचेवर होते.

दुकानात काय सांभाळायचं?

आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आजच्या मानकानुसार, १००० हर्ट्‌झचा ४० डेसिबलचा आवाज जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० हर्ट्‌झचा आवाज ७८ डेसिबलच्या आसपास लागतो. आवाज वाढवला की हे अंतर कमी होतं. म्हणजे तोच स्पीकर मोठ्याने वाजवला की बास जास्त वाटतो. दोन स्पीकरची तुलना करताना महागड्याचा आवाज थोडा जास्त ठेवला, की तो ‘भारी’ ठरतो. दोघांचा आवाज कानाला सारखा करून घ्या, मगच ऐका. आणि घरी जेवढ्या आवाजात ऐकणार आहात, तेवढ्याच आवाजात ऐका.

गाणी स्वतःच्या मोबाइलमधून लावा. यूट्यूबवर ‘बास बूस्टेड’ असं लिहिलेली आवृत्ती नको, अधिकृत वाहिनीवरची किंवा एखाद्या म्युझिक अ‍ॅपवरची हवी. मोबाइलमधला इक्वलायझर, ‘डॉल्बी’ किंवा ‘सराउंड’चं सेटिंग बंद करा, अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘लाऊडनेस’ बटणही बंद. ब्लूटूथ चालेल. एमपी३मध्ये बास कापला जातो हा समज चुकीचा आहे, फाइल लहान केल्याचा फटका आधी वरच्या स्वरांना, टाळ-झांजेला बसतो.

खोक्यावरचे आकडे वाचताना ‘पीएमपीओ’ हा शब्द दिसला तर पुढचा आकडा सोडून द्या. तो क्षणभराच्या काल्पनिक ताकदीचा असतो आणि त्याला कुठलंही पक्कं माप नाही. ‘आरएमएस’ किती वॅट ते विचारा. तसंच ‘२० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. त्यापुढे ‘उणे-अधिक ३ डेसिबल’ असं काही लिहिलं असेल तरच तो आकडा धरायचा.

शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे नियम फक्त मंडप आणि डीजेला असतात असा समज आहे, पण घरातल्या खासगी साऊंड सिस्टीमचाही त्यात उल्लेख आहे. तुमच्या जागेच्या हद्दीवर तिचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये.

गोची अशी की, हे डेसिबल ‘ए’ मापाने मोजतात. हे माप कानाच्या सवयीप्रमाणे खालचे स्वर कमी धरतं. ५० हर्ट्‌झचा आवाज त्यात तब्बल ३० डेसिबलने कमी मोजला जातो. त्यामुळे मीटरवर आकडा ठीक दिसतो आणि शेजारच्या घरातली म्हातारी मात्र झोपू शकत नाही, कारण भिंत वरचे स्वर अडवते, पण बास सहज पलीकडे जाऊ देते.

ही तपासणी मीटरशिवाय करता येते. रोजच्या आवाजात अभंग लावा, दार लावून घ्या आणि शेजाऱ्याच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहा. शब्द ऐकू येत नाहीत आणि फक्त धप-धप येतेय, असं असेल तर आत जाऊन सबवूफरचं बटण थोडं खाली करा, मग पुन्हा बाहेर या. दोन-तीन फेऱ्यांत जागा सापडते. तिथे बटणाजवळ पेनने एक खूण करून ठेवा.